तांदळात लिहिलेलं नाव

बायको आयर्लंडला गेली, त्याच्या आदल्या रविवारी तिने मला एक निळी फाइल आणून दिली. आत प्लास्टिकचे कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर पांढरी पट्टी चिकटवून तिने काय ठेवायचं ते लिहिलं होतं. वॉर्डातल्या औषधांच्या ट्रेवर लिहितात तशा सुट्या, ठळक अक्षरात. लग्नाचा दाखला. नवऱ्याचा पासपोर्ट. दोघांचे फोटो. एका पत्त्यावर राहत असल्याचे पुरावे. पोलिसांचा दाखला. शेवटच्या कप्प्यावर नुसतं 'पत्र' एवढंच होतं.

“वर्षभर वेळ आहे,” ती म्हणाली. “तिकडे मला घर मिळेपर्यंत तुमचा व्हिसाचा अर्ज करता येणार नाही. पण कागद आत्तापासून जमवा. तुमचं सगळं शेवटच्या दिवसावर असतं.”

मी हो म्हणालो. ती बॅग भरत होती. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तिने बावीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. माझी आई गेली, मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली, आणि मग शेहेचाळिसाव्या वर्षी हिने इंग्रजीची परीक्षा दिली, पास झाली, मुलाखत दिली आणि निघाली. आमच्या चारकोपच्या सोसायटीत लोक मला जिन्यात गाठून विचारायचे, की तुम्ही कसं जाऊ दिलंत. मी हसून वेळ मारून न्यायचो. जाऊ देणारा मी कोण, हे त्यांना सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि एकदा मी तिला जाऊ दिलं नव्हतं, हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही.

ती गेल्यावर घर एकदम मोठं झालं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर, पण रविवारी दुपारी मी फरशीवर कागद पसरून बसलो की ते संपतच नसे. पंखा मंद ठेवायचा, कागदांवर वजनाला वाट्या ठेवायच्या. खिडकीतून खाडीकडचा वारा यायचा, त्याला चिखलाचा आणि तिवरांचा वास असायचा. इकडे दुपार कलली की तिकडे सकाळ उजाडलेली असे. साडेतीन-चारच्या सुमारास तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिच्या मागे खिडकी आणि खिडकीत करड्या रंगाचं आभाळ, त्यातून पांढरे मोठे पक्षी जात. ती चहा पीत बोलायची, मी चहा पीत ऐकायचो. दोन्ही चहांची वाफ एकाच पडद्यावर दिसायची आणि मला वाटायचं, आपण कुठल्यातरी तिसऱ्याच ठिकाणी बसलो आहोत, जिथे सकाळही नाही आणि दुपारही नाही.

तिला दाखवायचं होतं की मी बदललो. म्हणून महिन्याभरातच मी माझा पासपोर्ट काढून घेतला. फॉर्म कॉम्प्युटरवर मी स्वतः भरला. पत्नीचं नाव या रकान्यात काय घालायचं याचा क्षणभरही विचार केला नाही. समोर रेशनकार्ड होतं, त्यावर होतं ते घातलं. त्याच नावाने गेली चोवीस वर्षं मी घरात हाक मारत आलो होतो. पासपोर्ट पोस्टाने आला, तो मी निळ्या फाइलच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवला आणि फाइलचा फोटो काढून तिला पाठवला. तिने अंगठा पाठवला. त्या अंगठ्यावर मी दोन दिवस खूश होतो.

बोरिवलीला एका कपड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, व्हिसाचे कागद तपासून देणारी एक मुलगी बसते. आमच्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी फाइल घेऊन गेलो. तिने बायकोच्या पासपोर्टची प्रत एका बाजूला ठेवली, माझा पासपोर्ट दुसऱ्या बाजूला, दोन्हीवर बोट फिरवलं आणि थांबली.

“काका, ह्या पासपोर्टप्रमाणे तुम्ही दुसऱ्याच बाईचे नवरे आहात.”

मी हसलो. ती हसली नाही. बायकोचा पासपोर्ट हल्लीच्या नियमाप्रमाणे तिच्या माहेरच्या नावाने निघाला होता, कारण शाळेचा दाखला, नर्सिंगची डिग्री, कौन्सिलची नोंदणी, पगाराचं खातं, सगळं माहेरच्या नावाने. नवऱ्याच्या नावाची ओळ तिथे रिकामी होती. माझ्या पासपोर्टवर बायको होती, पण त्या नावाच्या बाईकडे ना शिक्षण होतं, ना नोकरी, ना पासपोर्ट. ती फक्त आमच्या रेशनकार्डावर आणि मतदार यादीत राहत होती.

“लग्नाच्या दाखल्यावर कुठलं नाव आहे?” मुलीने विचारलं.

दाखला नव्हताच. आमचं लग्न नोंदवायचं राहून गेलं होतं. त्या वेळी कोण नोंदवत होतं, असं मी पुटपुटलो. मुलीने एका कागदावर लिहून दिलं: आधी लग्नाची नोंदणी, मूळ नावाने. मग तुमचा पासपोर्ट नव्याने. नोंदणीला दोघंही हजर लागतील. मॅडम सुट्टीवर कधी येणार? मी म्हटलं, मे महिन्यात. “म्हणजे वेळ आहे. बरं झालं लवकर आलात, नाहीतर वाट लागली असती,” ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.

मी औषधांची खोकी छापणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्येच. खोक्यावरचं नाव एक आणि आतल्या गोळ्यांच्या स्ट्रिपवरचं नाव दुसरं असं एका जरी खोक्यात निघालं तरी अख्खा माल परत येतो. माझं सारं आयुष्य ही दोन नावं जुळवण्यात गेलं आहे. आणि माझ्या घरात चोवीस वर्षं दोन नावं होती.

आमच्या कोकणातल्या घराण्यात सुनेचं नाव बदलायची पद्धत. लग्न मुलुंडला, तिच्या माहेरच्या बाजूच्या हॉलमध्ये लागलं. संध्याकाळी वरात चारकोपला आली. तिने माप ओलांडलं, मग आम्हा दोघांना पाटांवर बसवून मधे तांदळाचं ताट ठेवलं. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटून ते नाव सगळ्यांना सांगायचं. नाव आईने ठरवलं होतं. माझे वडील गिरणीत होते, ते गेल्यापासून घरातलं सगळं आईच ठरवायची. नवरीला विचारलंस का, असं मी आईला लग्नाआधी एकदा म्हटल्याचं आठवतं. आई भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, “इचारूचा काय त्यात? आपल्यात असाच चलत इलाहा.” मी विषय सोडला. खरं तर त्यात मलाही एक गंमत वाटत होती. एखादं माणूस आपल्यासाठी नव्याने सुरू होणार, त्याचं पहिलं अक्षर आपण काढणार.

बोरिवलीहून परत आल्यावर माझ्या डोक्यात त्या दोन बायका फिरायला लागल्या. सकाळी सव्वासहाला डबा घेऊन घराबाहेर पडायची ती एक. संध्याकाळी कोथिंबीर घेऊन परत यायची ती दुसरी. मधे लिंक रोडवर कुठेतरी त्या एकमेकींना भेटत असतील, पिशवीची अदलाबदल करत असतील, दोन शब्द बोलत असतील. माझ्याबद्दलही बोलत असतील. हॉस्पिटलात मी तिला घ्यायला फार तर पाच-सहा वेळा गेलो असेन. एकदा मी कॉरिडॉरमध्ये उभा असताना कुणीतरी मागून तिच्या माहेरच्या नावाने 'सिस्टर' अशी हाक मारली, आणि ती वळली. वळताना तिचा चेहरा असा काही सरळ आणि हजर होता, की मी ओळख द्यायचं विसरलो. घरी हाक मारली की ती आधी हातातलं काम बघायची, मग माझ्याकडे. तिथे ती नुसती वळली होती.

मग फोटोंचा कप्पा. आमचे दोघांचे फोटो फारच थोडे. मुलीचे होते, आईचे होते, गणपतीपुढे सगळ्यांचे होते. दोघांचेच असे निघेनात. शेवटी लग्नाचा अल्बम काढला. कपाटाच्या वरच्या फळीवर तो त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. पानांमधला पातळ कागद पिवळा पडून फोटोंना चिकटला होता. तो हळूहळू सोडवत मी एका फोटोपाशी आलो. मी तांदळात नाव लिहितो आहे. मान खाली, अंगठीवर सगळं लक्ष, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. तो फोटो मी पूर्वी अनेकदा पाहिला होता, पण दर वेळी मी मलाच पाहिलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी नसून ताटाच्या पलीकडे बसली होती, आणि मान तिरकी करून, जरा वाकून, ती अक्षरं उलटी वाचत होती. तिला आपलं नाव काय ठेवलं आहे ते त्या क्षणी कळत होतं. माझं शेवटचं अक्षर अजून व्हायचं होतं आणि ती वाट पाहत होती.

मी तो फोटो बाजूला ठेवला आणि खोकं उचललं. खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली, घडी केलेला कागद होता.

तो मी विसरलो होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी विसरण्याचा सराव केला होता. एकोणीस वर्षं अल्बम खाली काढायची वेळ आली की मी म्हणायचो, राहू दे, फोटो खराब होतील.

तो तिचा पासपोर्टचा अर्ज होता, मीच तिथे दडवलेला. मुलगी तीन वर्षांची असताना आखाती देशातल्या एका हॉस्पिटलने इथल्या नर्सेस घ्यायचं ठरवलं. तिच्या तीन मैत्रिणी निघाल्या. दोन वर्षांचा करार होता. आई म्हणाली, पोर लहान आहे. मी काहीच म्हणालो नाही, पण तिला वाटलं माझी ना नाही, आणि मी तसं वाटू दिलं. तिला त्या आठवड्यात रजा मिळेना, म्हणून अर्ज भरून, फोटो चिकटवून, प्रती जोडून तिने तो माझ्या हातात दिला. त्या काळी मी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये होतो. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून कचेरीत अर्ज देऊन यायचं, एवढंच काम.

मी सुट्टी टाकली. बाहेर पडलो. बसस्टॉपवर उभं राहून अर्ज उघडला. मोठ्या अक्षरात तिचं माहेरचं नाव होतं. ही बाई जाईल आणि परत येणार नाही, असं काहीतरी मला त्या नावाकडे बघून वाटलं. जिला मी नाव दिलं ती आली असती. ही कोण, हे मला कुठे माहीत होतं. बस आली आणि गेली. मग मी गल्लीतल्या एका चहाच्या दुकानात बसलो. समोर लेथ मशीन चालू होतं, त्यातून लोखंडाची चकचकीत कात निघून वेटोळी होत जमिनीवर पडत होती. ती कात बघत मी संध्याकाळपर्यंत बसलो. घरी आल्यावर सांगितलं, की लग्नानंतरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळत नाही, त्यामुळे अर्ज घेतला नाही. ती मग म्हणाली, “म्हणजे नावामुळे गेलं.” आणि कुकर लावायला उठली. मी तिला थांबवलं नाही. तिच्या मैत्रिणी गेल्या. आमच्या घरात त्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रविवारी चार वाजता कॉल आला तेव्हा मी फोन उचलला नाही. नंतर मेसेज केला, झोप लागली होती. हे खोटंही सहज जमलं.

शेवटच्या कप्प्यातलं 'पत्र' म्हणजे काय, ते बोरिवलीच्या मुलीने समजावलं होतं. नवऱ्याने आपल्या शब्दांत एक पान लिहायचं. कसे भेटलो, लग्न कसं झालं, इतकी वर्षं एकत्र कसे राहिलो, पुढे एकत्र का राहायचं आहे. मराठीत लिहा, मी इंग्रजी करून घेईन, ती म्हणाली होती. मी लिहायला बसलो. कांदेपोहे, मुलुंडचा हॉल, चारकोपचं घर, मुलीचा जन्म. चौथ्या ओळीनंतर पेन आपोआप साकीनाक्याकडे वळलं. मी फाडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तिथेच. असे तीन रविवार गेले. शेवटी मी त्याला जाऊ दिलं. लेथ, कात, बसस्टॉप, कुकर, सगळं लिहिलं. दीड पान झालं.

बोरिवलीच्या मुलीने ते वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. “काका, हे व्हिसाला नाही लागत,” ती हळू आवाजात म्हणाली. “ह्यातलं वरचं घेते मी. बाकीचं... मॅडमना माहितीय?”

मी नकारार्थी मान हलवली. घरी आलो आणि दीड पानाचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिकडे सकाळ होती. निळ्या खुणा लगेच आल्या, म्हणजे तिने वाचलं. मग काहीच आलं नाही. त्या रविवारी कॉल नाही, पुढच्या रविवारी नाही. मुलीला फोन करून मी आडून विचारलं, आई बरी आहे ना. मुलगी म्हणाली, बरी आहे की, रोज बोलतो आम्ही, तुमचं भांडण झालंय का? मी म्हटलं, नाही, भांडण नाही.

त्या दिवसांत मला दुपारी विचित्र गुंगी यायची. कागदांमध्येच आडवा व्हायचो. एकदा स्वप्न पडलं, की दारात दोघी उभ्या आहेत, दोघींच्या खांद्याला तीच तपकिरी पर्स, आणि मी विचारतो आहे, आत कोण येणार? त्या एकमेकींकडे बघून हसतात आणि जिना उतरून जातात. जाग आली तेव्हा रेशनकार्ड छातीवर होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याची पानं उघडमिट करत होती.

तिसऱ्या रविवारी कॉल आला. तिच्या मागे तीच खिडकी होती. ती चहा पीत नव्हती. तिने कसं आहात वगैरे काही विचारलं नाही.

“तुम्ही त्या दिवशी जेवलात कुठे?”

मला आधी कळलंच नाही. मग सांगितलं, की त्या दुकानात वडापाव खाल्ला होता. दोन.

“मी उपास धरला होता,” ती म्हणाली. “अर्ज आत जावा म्हणून. तुमच्या आईला कळू नये म्हणून ताट वाढून घेतलं आणि मोलकरणीला दिलं. संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.”

पडद्यावर माझा चेहरा कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसत होता, तो मला बघवेना.

“मी इतकी वर्षं त्या नावाचा राग केला,” ती म्हणाली. “आईंचा केला. त्यांच्या शेवटच्या आजारपणात अंग पुसताना मनात यायचं, की ह्यांनी नाव बदललं नसतं तर. त्यांचा काही संबंधच नव्हता.”

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, की तुमचा अर्ज करायचा की नाही, ते मी मेमध्ये आल्यावर सांगेन. आत्ता सांगता येणार नाही. मी बरं म्हणालो. फोन ठेवायच्या आधी ती थांबली.

“कागद मात्र तयार ठेवा. नोंदणी करायची ती करूच. ती माझ्यासाठीही लागते.”

त्यानंतरचे पाच महिने मी अशा अर्जाचे कागद जमवत होतो, जो कदाचित होणारच नव्हता. आणि सांगायला संकोच वाटतो, पण इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. उशिरा नोंदणी का, याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. लग्नपत्रिका तिच्या भावाकडे मिळाली, तिच्यावर तिचं मूळ नाव सोनेरी अक्षरांत होतं. लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागत होती, म्हणून त्यांना शोधत मुलुंडला गेलो. ते खूप म्हातारे झाले होते, झोपाळ्यावर बसून होते. मी अल्बम दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“लावलेली हजार लग्नं, कुठली आठवणार?” ते म्हणाले. “मोडलेली तेवढी आठवतात. तुमचं आठवत नाही म्हणजे टिकलंय.”

त्यांच्या सुनेने हात धरून सही करवून घेतली. सही थरथरत वर चढत गेली. मी जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. टिकलंय का, हे मला कुठे ठाऊक होतं.

एका पत्त्यावर राहत असल्याचे पुरावे म्हणून मी जुनी पाकिटं काढली, सोसायटीच्या पावत्या काढल्या, मुलीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं काढली, त्यांवर पालकांची सही म्हणून सगळीकडे तिचीच सही होती. पहिली ते दहावी, प्रत्येक चाचणीला. मी एकाही ठिकाणी नव्हतो. मी ती सगळी क्रमाने लावली. इंटरनेटवर पाहून तारखेप्रमाणे यादी केली. आणि रोज संध्याकाळी कामावरून येताना खाडीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, कुणी जवळ नसताना, तिचं मूळ नाव मोठ्याने म्हणून पाहायचो. माझ्या तोंडात ते नाव नवं होतं. पहिल्या अक्षरावर जीभ अडखळायची. चोवीस वर्षांत मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

मेमध्ये ती आली. विमानतळावर मुलीने तिला मिठी मारली, मी बॅग घेतली. ती जरा बारीक झाली होती, केस कापले होते. घरी आल्यावर तिने सगळ्या खोल्या एकदा पाहिल्या आणि निळी फाइल मागितली. मी दिली. तिने एकेक कप्पा तपासला, ड्युटी बदलताना आधीच्या नर्सचं काम तपासतात तशी. प्रगतिपुस्तकांपाशी थोडी थांबली. शेवटच्या कप्प्यात दोन कागद होते, बोरिवलीच्या मुलीने केलेलं एक पान आणि माझं दीड पान. ते तिने वाचले नाहीत. कप्पा बंद केला.

चार दिवसांनी आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. साक्षीदार म्हणून तिचा भाऊ, शेजारचे काका आणि आमची मुलगी. आईबापाच्या लग्नाला साक्षीदार व्हायला मिळालं, झकास ना, असं मुलगी म्हणत होती आणि दोघांचे फोटो काढत होती. “पप्पा, जरा हसा, नाहीतर जबरदस्तीचं लग्न वाटेल.” तिला काहीच माहीत नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले. सगळं जागच्या जागी होतं, एकही प्रत कमी नव्हती. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “पत्नीचं नाव सांगा. पूर्ण.”

मी सांगितलं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. अडखळलो नाही.

ती बाकावर बसून भावाशी बोलत होती. हाक ऐकल्यासारखी वळली. तोच चेहरा, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला, सरळ आणि हजर. हाक मारणारा कोण, हे तिच्या डोळ्यांना कळायला एक क्षण लागला. तेवढा एक क्षण ती माझ्याकडे तशी बघत होती.

“आणि लग्नानंतरचं नाव?” बाईंनी विचारलं. “बदललंय का?”

मी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न चोवीस वर्षांपूर्वी जिला विचारायला हवा होता, तिच्याकडे. ती उठून खिडकीपाशी आली.

“नाही,” ती म्हणाली. “हेच.”

घरी आल्यावर मुलगी जेवणाचं बघायला लागली. बायको टेबलापाशी बसली आणि तिने निळी फाइल पुढे ओढली. नवा दाखला पहिल्या कप्प्यात घातला. मग शेवटचा कप्पा उघडला. बोरिवलीचं पान भरभर वाचलं आणि परत ठेवलं. माझं दीड पान मात्र तिने सावकाश वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचते आहे. वाचून झाल्यावर पर्समधून पेन काढलं. दुसऱ्या पानाची अर्धी बाजू कोरी होती, तिथे तिने वॉर्डातल्या त्या सुट्या अक्षरांत लिहिलं, की त्या दिवशी माझा उपास होता आणि संध्याकाळपर्यंत मी पाणी घेतलं नव्हतं. खाली सही केली. पूर्ण नावाची.

“हा द्यायचा नाही कुणाला,” ती म्हणाली. कागदाची घडी करून तिने तो सगळ्यात मागे, पुठ्ठ्याला लागून ठेवला. “पण नेऊ आपण.”

मी नुसतं हं म्हणालो. ती उठली, स्वयंपाकघराकडे वळली, मग दारात थांबून म्हणाली, की पोलिसांच्या दाखल्याची मुदत किती असते ते बघून ठेवा, फार आधी काढलात तर पुन्हा काढावा लागेल.